आगगाडी, पायवाट आणि आपलें भ्रमणवाङ्मय

वाङ्मयाचे कांहीं प्रकार असे असतात कीं, त्यांचा प्रसार फार होतो, पण टीकाकाराचें लक्ष त्यांजकडे सहसा जात नाहीं. पाकशास्त्राचीं पुस्तकें, पंचांगें, क्षेत्रमाहात्म्यें यांच्या पंक्तीस अलीकडे आणखी एक प्रकार येऊन बसला आहे. सुटीच्या एका दिवसांत आगगाडीनें जाऊन, पायीं हिंडून, रात्रीं घरीं परत येतां येईल अशा स्थळांविषयींचें लेखन, हा तो प्रकार होय. आठवड्याचे सहा दिवस गाडीनें कचेरी गांठणाऱ्या मध्यम वर्गासाठीं तें लिहिलें जातें. त्याचीं पुस्तकें निघतात, रविवारच्या पुरवण्यांत त्याचीं सदरें चालतात, गिरिभ्रमण मंडळें आपापलीं टिपणें छापतात. ज्या लेखनानें हजारों माणसांचे पाय एका ठराविक दिशेस वळतात, आणि त्या माणसांनीं वाटेंत काय पाहावें व काय न पाहतां पुढें जावें हेंही पुष्कळ अंशीं ठरतें, त्याचे गुणदोष पारखणें हें टीकेचें काम आहे असें मी समजतों.

चर्चा मोघम होऊं नये म्हणून एक ठराविक मुलूख डोळ्यांपुढें ठेवूं. डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर हीं खऱ्या अर्थानें चाकरमान्यांचीं गांवें होत. येथील घरांचा दिवस गाडीच्या वेळापत्रकावर उजाडतो आणि त्याच्यावरच मावळतो. कल्याणास लोहमार्गाचे दोन फांटे होतात. एक ईशान्येकडे आसनगांव व कसारा यांवरून थळघाटास भिडतो. दुसरा आग्नेयेकडे उल्हास नदीच्या खोऱ्यानें बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत असा जाऊन बोरघाट चढतो. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धांवली. पुढच्या वर्षीं मार्ग कल्याणास पोंचला. १८६३ त बोरघाट आणि १८६५ त थळघाट गाडीस खुला झाला. हे घाट फोडतांना पटकीनें, तापानें व अपघातांनीं हजारों मजूर दगावले. एवढा खटाटोप झाला तो मुख्यतः देशावरचा कापूस बंदरास आणण्यासाठीं व सरकारचें लष्कर आणि टपाल वर नेण्यासाठीं. रविवारीं हिंडावयास निघणारा कारकून त्या वेळीं कोणाच्याही स्वप्नांत नव्हता. तथापि ज्या मार्गानें तो सोमवारीं कामावर जातो त्याच मार्गानें उलट दिशेस रविवारीं गेल्यास सह्याद्रि त्याच्या हातीं लागतो, हा त्या बांधकामाचा एक अनपेक्षित लाभ होय. नेरळास उतरून पेब किंवा माथेरान, भिवपुरीहून गार्बेटचें टोंक, वांगणीहून चंदेरी, आसनगांवाहून माहुली, घाटावर मळवलीस उतरून भाजें, लोहगड आणि विसापूर, हीं सारीं स्थळें एका दिवसाच्या टप्प्यांतलीं आहेत.

आगगाडीनें निसर्ग सामान्य माणसाच्या आटोक्यांत आणावा कीं नाहीं, हा वाद इंग्रजी वाङ्मयांत पूर्वींच होऊन गेला आहे, आणि तो आपणांस उद्बोधक आहे. १८४४ सालीं केंडलपासून विंडरमीर सरोवरापर्यंत लोहमार्ग न्यावा अशी योजना निघाली. वर्ड्स्वर्थ तेव्हां राजकवि होता. त्यानें त्या योजनेविरुद्ध एक सुनीत लिहिलें व 'मॉर्निंग पोस्ट' पत्रांत पत्रें छापलीं. सरोवराच्या मुलुखाची शांतता भंगेल, ही त्याची एक तक्रार होती. दुसरी तक्रार अधिक खोल व अधिक आक्षेपार्ह होती. डोंगर व सरोवरें यांची रसिकता उपजत नसते, ती हळूहळू कमवावी लागते. म्हणून गिरण्यांतल्या मजुरांना एका दिवसापुरतें तेथें नेऊन सोडल्यानें त्यांचें कांहींच हित होणार नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. ज्या कवीनें खेड्यांतल्या साध्या माणसांस काव्याच्या सिंहासनावर बसविलें आणि त्याच सरोवरांविषयीं स्वतः एक प्रवासदर्शिका लिहून परक्यांना तेथील वाटा दाखविल्या, त्यानेंच असें म्हणावें यांतली विसंगति त्या काळींही लोकांच्या ध्यानांत आली होती. विरोधाचा उपयोग झाला नाहीं. १८४७ त गाडी विंडरमीरला पोंचली.

परंतु वर्ड्स्वर्थच्या म्हणण्यांतला दर्प बाजूस सारल्यावर एक प्रश्न शिल्लक उरतो, आणि तो खरा आहे. पाहण्याची दृष्टि शिकावी लागते हें त्याचें विधान खोटें नाहीं. चूक झाली ती पुढच्या पायरीवर: ती दृष्टि मजुरास येणार नाहीं असें त्यानें गृहीत धरलें. पुढच्या पिढ्यांनीं त्याला उत्तर दिलें तें लेखनानें आणि पायांनीं. १८७९ त लेस्ली स्टीफन या प्रसिद्ध टीकाकारानें लंडनांत 'संडे ट्रॅम्प्स' नांवाची मंडळी जमविली. हे विद्वान, वकील व लेखक एक रविवार सोडून गाडीनें लंडनबाहेर पडत, मैलोगणती चालत, कधीं बॉक्स हिलच्या पायथ्याशीं राहणाऱ्या जॉर्ज मेरेडिथकडे डोकावत आणि रात्रीं गाडीनें परतत. १८९० नंतरच्या दशकांत 'वॉकर माइल्स' या टोपणनांवानें एडमंड टेलर यानें लंडनच्या आसपासच्या स्टेशनांपासून निघणाऱ्या शेतवाटांचीं छोटीं पुस्तकें लिहिलीं. तीं स्वस्त होतीं, खिशांत मावत, आणि कोणत्या फाटकाशीं वळावें हें दुकानांत काम करणाऱ्या मुलालाही त्यांतून कळे. २४ एप्रिल १९३२ रोजीं मँचेस्टरच्या बाजूचे शेंकडों तरुण कामगार शिकारीसाठीं राखून ठेवलेल्या किंडर स्काउटच्या माळावर मुद्दाम मनाई मोडून चढले. त्यांपैकीं पांच जणांस तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्यानें तेथील सार्वजनिक पायवाटांची मोजदाद करून त्यांचे नकाशे करण्याचें काम स्थानिक संस्थांवर टाकलें. अशा रीतीनें त्या देशांत आधीं वाटेचें पुस्तक झालें आणि मग वाटेचा हक्क पक्का झाला. लेखनाचा आणि जमिनीचा एवढा जवळचा संबंध दुसऱ्या थोड्या प्रकारांत दिसेल.

आपल्याकडची स्थिति निराळी आहे, आणि इंग्रजी पुस्तकांचा सांचा उचलून येथें बसविल्यानें जमणारें नाहीं. आपल्या कायद्यानें वाटेचा विचार केला आहे, पण तो शेतकऱ्याच्या दृष्टीनें. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, १४३ व्या कलमाप्रमाणें शेतकऱ्यास स्वतःच्या शेतांत जाण्यासाठीं दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागतां येते व तहसीलदार तिचा निर्णय करतो. रविवारच्या हिंडणाऱ्यास तें कलम कांहींच देत नाहीं. तो चालतो तो ज्यांच्या वाटेवरून चालतो त्यांच्या भलेपणावर. ठाकर, कातकरी, धनगर, महादेव कोळी यांनीं पाण्यासाठीं, लांकूडफाट्यासाठीं, बाजारासाठीं आणि गुरांमागें जातां-येतां ज्या वाटा मळविल्या त्यांच्यावरून तो जातो. इंग्लंडांतल्या पांथस्थाच्या हातांत हक्क असतो. आपल्या पांथस्थाच्या हातांत केवळ पाहुणेपण असतें. ही गोष्ट आपल्या भ्रमणवाङ्मयाच्या मुळाशीं असावयास हवी होती. ती तशी आहे काय, हें आतां पाहूं.

त्यापूर्वीं या भ्रमणाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे, कारण त्याला स्वतःचा असा एक बांधा आहे. मोटारीनें जाणारा मनुष्य डोंगराच्या पायथ्याशीं उतरतो, वर जातो आणि आपल्या मोटारीपाशीं परत येतो. त्याच्या दिवसाचा मध्य म्हणजे शिखर आणि बाकीचें सारें केवळ जाणें-येणें. गाडीनें जाणाऱ्यास तशी सक्ति नसते. तो एका स्टेशनावर उतरून दुसऱ्या स्टेशनावर चढूं शकतो. त्याच्या चालण्यास आरंभ, मध्य आणि शेवट असतात, आणि तिन्हींचें महत्त्व सारखें असतें. उलट त्याला वेळेचें बंधन असतें. शेवटची गाडी चुकली तर रात्र फलाटावर काढावी लागेल. लघुनिबंधाला जशी पानांची मर्यादा तशी या दिवसाला गाडीची मर्यादा, आणि दोहोंचा घाट त्या मर्यादेमुळेंच येतो.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे लोणावळा-राजमाची-कर्जत ही वाट. सकाळच्या गाडीस कर्जतला मागून ढकलणारीं इंजिनें जोडतात. बटाटेवडे विकणाऱ्यांची आरोळी ऐकेपर्यंत गाडी घाट चढूं लागते, आणि सुमारें ६०० मीटरांची चढण इंजिनाच्या खर्चानें पार पडते. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूनें वाट निघते व पंधरा-सोळा किलोमीटर डोंगराच्या सोंडेवरून फारसा चढउतार न करतां चालत राहते. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत तिच्या दोन्ही अंगांस ओढे वाहत असतात. मग उधेवाडी हें गांव लागतें, आणि त्याच्या डोक्यावर श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले. पुढें वाट उलट्या बाजूनें झाडींतून एकदम खालीं पडते, कोंडाण्याच्या बौद्ध लेण्यांपाशीं थोडी थांबते, आणि कोंडिवड्यावरून कर्जतच्या स्टेशनाकडे जाते. चढलेलें सारें गाडीनें, उतरलेलें सारें पायांनीं; देशावर आरंभ, कोंकणांत शेवट.

या एका दिवसांत किती गोष्टी गोंवलेल्या आहेत ते पाहावें. कल्याण हें प्राचीन काळीं मोठें बंदर होतें आणि तेथून माल घाट चढून देशावर जात असे. कोंडाणें, भाजें, कार्लें हीं लेणीं त्या व्यापारी मार्गाच्या आश्रयानें कोरलीं गेलीं. कार्ल्याच्या शिलालेखांत दूरच्या वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचें नांव आहे, यवन दात्यांचींही नांवें आहेत. राजमाचीचे दोन बुरुजी माथे त्या घाटावर नजर ठेवीत असत. म्हणजे कल्याणहून निघून घाटावर जाणारा व रात्रीं कल्याणास परतणारा आजचा चाकरमाना दोन हजार वर्षांच्या जुन्या दळणवळणावर पाऊल टाकीत असतो. त्याहूनही निकटची गोष्ट पाण्याची आहे. उल्हास नदीचा उगम या राजमाचीच्या परिसरांतला, आणि तिचेंच पाणी खालीं कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येतें. ज्या ओढ्यांत हिंडणारा पाय बुडवितो, तो त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत वाहत जाणारा आहे. एवढें द्रव्य ज्या दिवसांत आहे त्याच्यावर चांगलें वाङ्मय होणें अवघड नसावें.

आपल्याकडे या विषयावर तीन तऱ्हांचें लेखन दिसतें. पहिली तऱ्हा दुर्गवाङ्मयाची. तिच्यांत किल्ला हाच नायक असतो आणि वाट ही किल्ल्याच्या दारापर्यंतची पायरी असते. या परंपरेचें श्रेय मोठें आहे. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनीं उभें आयुष्य गड चढण्यांत घालविलें आणि 'दुर्गभ्रमणगाथे'सारख्या ग्रंथांनीं मराठी तरुणास घराबाहेर काढलें. परंतु दांडेकरांच्या अनुकारकांनीं त्यांच्याकडून घेतलें काय आणि सोडलें काय, हें तपासण्यासारखें आहे. याच राजमाचीवर दांडेकरांनीं 'माचीवरला बुधा' ही कादंबरी लिहिली. मुंबई सोडून आपल्या माचीवर परतलेल्या आणि झाडांपांखरांच्या सोबतीनें शेवटचे दिवस काढणाऱ्या एका म्हाताऱ्याची ती कथा आहे. त्या कथेंत डोंगर हें कोणाचें तरी घर आहे. तेथें इतिहासाचा उच्चार जवळजवळ नाहीं, आणि तरीही राजमाचीवर जें कांहीं लिहिलें गेलें आहे त्यांत माझ्या मतें हें पुस्तक सर्वांत टिकाऊ आहे. अनुकारकांनीं दांडेकरांचा आवेश घेतला आणि बुधा सोडला. परिणामीं त्यांच्या लेखांत तटबंदी दिसते, टांकीं दिसतात, तोफेचा तुकडा दिसतो; उधेवाडींत चुलीपुढें बसलेली बाई मात्र 'जेवणाची सोय होऊं शकते' एवढ्या एका वाक्यांत आटोपते.

दुसरी तऱ्हा लघुनिबंधाच्या वळणाची. फडके, खांडेकर, काणेकर यांनीं हा प्रकार मराठींत रुजविला, आणि त्यांतील उत्कृष्ट निबंधांची मोहिनी आजही कमी झालेली नाहीं. पण या वळणाचा भ्रमणलेखक डोंगरावर जातो तो स्वतःचें मन पाहावयास. धुकें पडलें कीं त्याला आयुष्याची अनिश्चितता आठवते. धबधबा पाहिला कीं बालपण. मावळता सूर्य पाहिला कीं काय आठवेल हें वाचकानें आधींच ओळखलेलें असतें. तो लेख नेरळचा आहे कीं माहुलीचा, हें गांवाचें नांव झांकल्यास सांगतां येत नाहीं. स्थळांची अदलाबदल केली तरी ज्या स्थळवर्णनाचें कांहीं बिघडत नाहीं, तें स्थळवर्णन नव्हेच, ही साधी कसोटी येथें लावून पाहावी. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'शीं अशा लेखांची तुलना केली म्हणजे फरक चटकन् ध्यानांत येतो. त्यांना त्या झाडाचें नांव ठाऊक असतें, त्याचा मोहर केव्हां येतो हें ठाऊक असतें. भावना त्या माहितीच्या अंगानें आपोआप येते.

तिसरी तऱ्हा वाटाड्या पुस्तकांची, आणि तिची हेटाळणी करण्याकडे साहित्यिकांचा जो कल असतो तो मला मान्य नाहीं. अंतर, उंची, पाण्याची जागा, डावीउजवीकडची वळणें, परतीच्या गाडीची वेळ हें अचूक देणें ही नीतीची बाब आहे. कारण चुकीच्या वाक्यानें मनुष्य कड्यावर जाऊन अडकूं शकतो. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रे'सारखा सह्याद्रीच्या रांगांचा व्यवस्थित परिचय करून देणारा ग्रंथ हा केवळ सोयीचा ग्रंथ नव्हे. त्यामागें श्रम आणि शिस्त दोन्ही आहेत. या तऱ्हेचा दोष तिच्या नेमकेपणांत नाहीं. जें मोजतां येतें तेवढेंच नोंदवावयाचें, या तिच्या संवयींत तो आहे. माथेरानाविषयीं अशीं पुस्तकें एकमुखानें सांगतात कीं, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानें मे १८५० मध्यें पायथ्याशीं चौक येथें मुक्काम असतांना वर चढून तें 'शोधून काढलें'. तारीख व नांव बरोबर आहे. पण ठाकर, धनगर व कातकरी जेथें पिढ्यान् पिढ्या वावरत होते त्या डोंगराचा शोध कोणासाठीं लागला, हा प्रश्न त्या पुस्तकांस पडत नाहीं. १९०७ सालीं नेरळहून तेथवर छोटी गाडी सुरू झाली हें आपण आवडीनें सांगतों. तिच्याआधीं ओझीं कोणाच्या पाठीवरून वर गेलीं तें सांगत नाहीं.

तिन्ही तऱ्हांचें वैगुण्य अशा प्रकारें एकच आहे. एकीला भूतकाळ दिसतो, दुसरीला स्वतःचें मन, तिसरीला अंतर. चालूं वर्तमानकाळांत त्या वाटेवर राहणारा मनुष्य तिघींनाही दिसत नाहीं. हें वैगुण्य केवळ सौंदर्यशास्त्राचें असतें तर मी त्याचा एवढा बाऊ केला नसता. पण १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखालीं गेली. मॅलेटचा मुक्काम ज्या चौक गांवीं होता त्याच गांवाच्या वरच्या अंगास ही ठाकरांची वस्ती. मोटारीचा रस्ता वाडीपर्यंत नव्हता. भर पावसांत मदतीस गेलेल्या माणसांस चढून जावें लागलें, आणि यंत्रें वर नेतां आलीं नाहींत. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. ही वाडी अज्ञात नव्हती. इर्शाळगडावर जाणारे शेंकडों लोक वर्षानुवर्षें तिच्या अंगणांतून गेले, तिच्या घरांत जेवले, तिचें पाणी प्याले. आपल्या भ्रमणवाङ्मयांत ती अनेकवार आलेली आहे. आणि ती आली आहे ती विश्रांतीची जागा म्हणून. तिच्यांत घरें किती, माणसें कोण, उन्हाळ्यांत पाणी कोठून येतें, वर झुकलेल्या डोंगराविषयीं म्हातारे काय बोलतात, हें त्या लेखनांत नाहीं. लेखनानें दरड थांबली असती असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या गांवांत आपण इतके वेळां जेवलों त्याच्याविषयीं ते नाहींसें झाल्यावर आपल्यापाशीं सांगण्यासारखें एवढें थोडें असावें, हा त्या वाङ्मयावरचा पुरेसा अभिप्राय आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. सहा दिवस गाडींत चेंगरलेला मनुष्य सातव्या दिवशीं मोकळी हवा घ्यावयास जातो. त्याच्या पाठीवरच्या पिशवींत समाजशास्त्र कशास कोंबावें? मुलांना घेऊन निघालेल्या गृहस्थास धबधबा कोठें आहे व गाडी किती वाजतां आहे एवढें कळलें म्हणजे पुरे. हें म्हणणें वाचकाच्या बाजूनें खरें आहे. पण लेखकाच्या बाजूनें तें पळवाट होते. पर्जन्यकाळीं कर्जत-लोणावळ्याकडे लोटणारी गर्दी, त्यापायीं जिल्हाधिकाऱ्यांस काढावे लागणारे मनाईहुकूम, शेतांत तुडविलेली भाताची लावणी आणि ओढ्यांत फुटलेल्या बाटल्या, या गोष्टी सहा दिवस चेंगरलेल्या माणसांकडूनच होतात. ज्याला ती जागा रिकामी म्हणून वर्णिलेली आहे तो तिच्याशीं रिकाम्या जागेसारखाच वागणार. दुसऱ्याच्या अंगणांत आपण पाहुणे आहों, एवढी एक गोष्ट लेखकानें आपल्या वर्णनाच्या रीतींतूनच पटविली, तर त्याला उपदेशाचा परिच्छेद वेगळा लिहावा लागणार नाहीं.

आणि अशी रीति मराठीस नवी नाहीं, ही खरी आश्चर्याची गोष्ट. आपल्या गद्याचा उगमच पायीं चालण्यांत आहे. 'लीळाचरित्रां'त चक्रधरस्वामी गांवोगांव हिंडतात, आणि प्रत्येक लीळा कोठें घडली हें गांवासुद्धां, वाटेसुद्धां, भेटलेल्या माणसासुद्धां नोंदलें जातें. महानुभावांची 'स्थानपोथी' तर शब्दशः स्थळांची पोथी आहे: स्वामींचा वास कोठें झाला, देऊळ कोणत्या दिशेस, त्याचें दार कोणीकडे, हें ती सांगत जाते. भक्तीपोटीं आलेला हा नेमकेपणा आजच्या वाटाड्या पुस्तकांच्या नेमकेपणाहून निराळा आहे; कारण तेथें प्रत्येक जागा कोणाशीं तरी जोडलेली आहे. विष्णुभट गोडशांनीं वरसईहून उत्तरेकडे जाऊन १८५७ च्या धामधुमींतून पायीं मार्ग काढला व पुढें त्याची हकीकत लिहिली. १९०७ सालीं छापलेला तो 'माझा प्रवास' आजही वाचवतो, तो मोठ्या घटनांमुळें जितका, तितकाच वाटेंत कोणीं शिधा दिला व कोणीं ओसरीवर निजूं दिलें यांच्या नोंदींमुळें. इरावती कर्वे यांनीं पंढरीच्या वारीवर 'वाटचाल' लिहिली. वारकऱ्यांबरोबर चालतांना त्यांना आनंदही झाला आणि एकाच दिंडीमार्गावर निरनिराळ्या जातींच्या पंक्ति निराळ्या बसतात हें दुःखही झालें. दोन्ही त्यांनीं एकाच लेखांत, एकाच शांत आवाजांत लिहिलें. समाजशास्त्र पाठीवरच्या पिशवींत घालून चालतां येतें आणि तरीही वाङ्मय होतें, याचा याहून चांगला पुरावा नको.

मग एका दिवसाच्या भ्रमणावर लिहिणाऱ्यानें काय करावें? माझी मागणी थोडी आहे. एक, त्यानें स्टेशनापासून आरंभ करावा आणि स्टेशनाशीं शेवट करावा. पायथ्याच्या गांवापर्यंतचे ते पांच-सहा किलोमीटर, ज्यांत वीटभट्ट्या, भातखाचरें, विकावयास काढलेल्या जमिनींच्या पाट्या व शाळेंतून येणारीं पोरें दिसतात, ते गाळूं नयेत. त्या मुलुखाचें भवितव्य शिखरापेक्षां त्या पट्ट्यांत अधिक लिहिलेलें आहे. दोन, वाट कोणाची आहे तें सांगावें: ती कोणत्या वाडीचीं माणसें वापरतात, कशासाठीं वापरतात, पावसाळ्यांत बंद झाली तर त्यांचें काय होतें. तीन, झाडास, ओढ्यास, टेकाडास तेथल्या माणसांनीं दिलेलें नांव विचारून घ्यावें. इंग्रज साहेबांनीं ठेवलेलीं टोंकांचीं नांवें आपणांस पाठ आहेत, ठाकरांनीं ठेवलेलीं नाहींत. चार, गाडीची वेळ आणि पाण्याची जागा मात्र आजच्याइतकीच काटेकोरपणें द्यावी, कारण सुंदर वाक्यानें तहान भागत नाहीं.

वर्ड्स्वर्थला भीति वाटत होती ती गाडीनें येणाऱ्याला सरोवर दिसणार नाहीं, याची. आपल्या बाबतींत भीति वेगळी धरली पाहिजे. डोंगर आपणांस दिसतो. त्याच्या अंगाखांद्यावरचीं माणसें दिसत नाहींत. ती दृष्टि शिकविण्याचें काम मोठ्या कवीवर सोंपवून चालणार नाहीं. तें काम रविवारच्या पुरवणींतल्या दोन स्तंभांचें आहे, मंडळाच्या चार पानी टिपणाचें आहे, खिशांत मावणाऱ्या स्वस्त पुस्तकाचें आहे. कारण शनिवारीं रात्रीं डोंबिवलीच्या घरांत उद्यां कोठें जावें असा विचार चालतो तेव्हां तेंच उघडलें जातें. त्यांत वाडीचें नांव, तिच्यांतल्या माणसांचें राहणें आणि त्यांची वाट एवढें जरी आलें, तरी सकाळच्या गाडीनें जाणारें कुटुंब कोणाकडे जात आहे हें ओळखून जाईल.